डबल बेल

"हो की नाही? एवढंच तर विचारतेय."

"पुढे वळण आहे. बघू दे."

"वाळवंटात कुठलं आलंय वळण? सकाळपासून स्टिअरिंग बोटभर हललेलं नाही! अहो, दादा आज दारातच विचारणार. काय सांगायचं त्याला?"

"पोचू तर दे आधी."

"म्हणजे नाही."

"नाही असं कुठे म्हणालो?"

"मग हो म्हणा!"

"तसं तरी कुठे म्हणालो?"

दोन्हीकडे वाळू, मधून पट्टीनं आखल्यासारखा रस्ता, आणि त्यावर एका जुन्या गाडीत शहर बसचा एक ड्रायव्हर, त्याची बायको आणि मागच्या सीटवर दोन पोरं. वाळवंटापलीकडे मेहुण्याचं गोदाम होतं. तिथली मॅनेजरची खुर्ची त्यानं महिनाभर दाजींसाठी अडवून ठेवली होती. बायकोचं म्हणणं सरळ होतं. नवरा निघतो तेव्हा पोरं झोपलेली, येतो तेव्हाही झोपलेली. शाळेत 'माझे बाबा' काढायला सांगितलं, तर धाकट्यानं नुसती पाठ काढली होती. ड्रायव्हरचं म्हणणं काय आहे, ते मात्र अजून कुणालाच कळलेलं नव्हतं.

इतकी वर्षं एकाच मार्गावर बस चालवली की माणसाचं काय होतं, ते त्याच्या घरी येऊन बघावं. सोफ्यावरून उठायच्या आधी तो उजव्या खांद्यावरून मागे बघे. बाजारात बायको थांबली की हा तिच्यामागे नीट अंतर राखून थांबे. सहलीला निघतानाही त्यानं नियम घातलेच होते. हात बाहेर काढायचा नाही. गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलायचं नाही. थोरली आठ वर्षांची. नियम म्हटला की तिला काळ्या दगडावरची रेघ. बायकोला नियम लागू नव्हते, हे तर दिसतच होतं.

धाकट्याला सायकल आणू दिली नव्हती, म्हणून त्यानं तिची घंटी तेवढी उचकटून आणली होती. तेव्हा बाबांनी त्यालाच कंडक्टर नेमलं. शू लागली की एक टिंग, गाडी थांबणार. झाली की दोन टिंग, गाडी निघणार. सकाळपासून ही सेवा अखंड चालू होती.

आताही टिंग झालं. समोर पेट्रोलपंप होता, म्हणून बरं.

"मी मागे बसते," बायको उतरता उतरता म्हणाली. "निदान पोरं तरी उत्तरं देतात."

ती पाण्याच्या बाटल्या आणायला दुकानात गेली. धाकटा टाकी रिकामी करून आला, थोरलीच्या शेजारी चढला, दार लावून घेतलं. ड्रायव्हर समोर बघत बसला होता. मागे कुणी चढलं, कुणी उतरलं, हे बघणं त्याचं काम कधीच नव्हतं.

टिंग-टिंग.

पाय आपोआप क्लचवरून उठला. गाडी निघाली.

मागे शांतता. जरा जास्तच शांतता. रागावलीये, ड्रायव्हरनं ताडलं. समोरासमोर जे जमलं नव्हतं, ते पाठमोरं जमेल असं त्याला वाटलं.

"हे बघ," रस्त्यावर डोळे ठेवून तो म्हणाला, "खुर्चीवर बसून मी बघू काय? भिंत? भिंत कुठे जाते का? सकाळी पहिली फेरी काढतो ना, तेव्हा अख्खं गाव माझ्या काचेत जागं होतं. ते सोडवत नाही गं. दादाला नाही म्हणायला मी घाबरत नाही. तुला नाही म्हणायला घाबरतो."

शांतता.

"बोल की काहीतरी."

"बाबा," थोरली म्हणाली, "आता बोललं तर चालेल?"

"तू नाही. आई."

"आई नाहीये."

"माझ्यासाठी नाहीये, माहितीये मला."

"तसं नाही. गाडीतच नाहीये."

ब्रेक असा लागला की बिस्किटांचा डबा पुढच्या काचेवर आला.

"आणि हे आत्ता सांगतेस?"

"ड्रायव्हरशी बोलायचं नाही असं तुम्हीच म्हणालात."

"आणि तू रे? डबल बेल कशी दिलीस?"

"माझी झाली होती," धाकटा म्हणाला.

गाडी वळवणं शक्य नव्हतं. रस्ता अरुंद, कडेला भुसभुशीत वाळू. सकाळीच एक ट्रक चाकांपर्यंत रुतलेला त्यांनी पाहिला होता. पंपाची पाटी अजून आरशात दिसत होती. ड्रायव्हरनं रिव्हर्स टाकला.

गाडी उलटी निघाली ती दोरीत ओवल्यासारखी. आरशात आधी पाटी आली, मग पंप, मग पंपाबाहेर एक ठिपका. ठिपक्याला हात फुटले. हात कमरेवर गेले. जसजशी बायको मोठी होत गेली, तसतसा ड्रायव्हर लहान होत गेला.

पण पंपापाशी एक ड्रम आडवा पडला होता. बायकोनं तो पाहिला आणि तिचा राग क्षणभर कामावर रुजू झाला. "येऊ दे, येऊ दे... डावीकडे घ्या... अजून... बस्स!" तिनं डिकीवर थाप मारली. ती थाप जरुरीपेक्षा बरीच जोरात होती.

"चढ ना," ड्रायव्हर म्हणाला.

"मी पुढच्या बसनं येते."

"अगं..."

"ही बस लेडीजसाठी थांबत नाही असं ऐकलंय."

शेवटी ती चढली. चढल्याबरोबर तिनं धाकट्याची घंटी काढून घेतली आणि पर्समध्ये टाकून चेन ओढली. "आता हिचा आवाज माझ्या परवानगीशिवाय येणार नाही."

"मी घेतो ती नोकरी," ड्रायव्हर पडेल आवाजात म्हणाला. "घंटीवर बायको विसरणारा माणूस खुर्चीवरच बरा."

थोडं पुढे गेल्यावर थोरली आईच्या कानाला लागली. बराच वेळ कुजबुज चालली. आरशात ड्रायव्हरला दिसलं, बायको त्याच्या पाठीकडे बघत होती.

मेहुण्याच्या ऑफिसात खुर्ची तयार होती, प्लॅस्टिकचं कव्हरसुद्धा काढलेलं नव्हतं. "बसा, बसा, दाजी! फिरते सगळीकडे!" ड्रायव्हर बसला. समोर भिंत होती, भिंतीवर भिंतीएवढंच कपाट. टेबलाखाली त्याचा पाय ब्रेक शोधू लागला.

"पोरं कुठे उंडारतायत ते बघते," म्हणून बायको पर्स उचलून अंगणात गेली.

"मग?" मेहुणा पुढे झुकला. "हो समजू ना?"

ड्रायव्हरनं दाराकडे बघितलं. शब्द दिला होता, मागे घेता येत नव्हता. त्यानं घसा खाकरला, तोंड उघडलं.

बाहेर वाजलं, टिंग-टिंग.

ड्रायव्हर उठला. उजव्या खांद्यावरून एकदा मागे बघितलं आणि चालू लागला.

"अहो दाजी, हो की नाही?"

खुर्ची जागच्या जागी फिरत राहिली. दाजी अंगणात पोचलेही होते.