मेंदूला लावलेलं कुंकू

मारुती गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या घरातली वीज गेली होती. त्याच्या मुलाने एवढंच सांगितलं, की बाबा मोटार चालू करायला विहिरीवर गेले आणि तिथंच खाली बसले... मी ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला. मग बाहेर जाऊन मीटरपाशी उभा राहिलो आणि फ्यूज काढून बघितला. फ्यूज ठीक होता, सगळ्या आळीचीच वीज गेली होती. तरी तो मी पुन्हा काढला, पुन्हा बसवला. काहीही बंद पडलं की मारुती म्हणायचा, ‘आदी करंट बघ गड्या, मग डोकं लाव.’ त्याला आता काही आठवडे झाले. मला रडू आलेलं नाही. लोक भेटायला येतात, मी त्यांना चहा देतो, आणि ते गेल्यावर कोण आलं होतं हेसुद्धा आठवत नाही.

मारुती कुंडलचा. घरचा ऊस, पण हा सैन्यात सिग्नलच्या कामावर राहून आलेला. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होतो. तिथे तो एक सुटा भाग घ्यायला आला आणि माझा सोल्डरचा टाका कच्चा आहे म्हणून माझ्याशीच भांडला. मी तापट माणूस, मी त्याला दुकानाबाहेर काढला. दुसऱ्या दिवशी तो परत आला, मुकाट्याने माझ्या शेजारी बसून तोच टाका त्याने नीट मारून दिला, आणि तिथून आमची दोस्ती. कॉम्प्युटर बनवायचं वेड त्याचं. त्या वेळी आमच्याकडे कॉम्प्युटर फोटोतच बघायचा. मुंबईहून एकेक भाग मागवून आम्ही तो जुळवला. पडदा नाही, टाइप करायला काही नाही. एक हिरवी पाटी, तिच्यावर खोबणीत बसवलेल्या काळ्या चिपा, खटक्यांची एक रांग आणि तांबड्या दिव्यांची एक रांग. खटक्यांनी हिशेब घालायचा, दिव्यांनी उत्तर द्यायचं. सांगलीत दोघांनी मिळून दुकान काढायचं ठरलं होतं. खोलीसुद्धा बघून ठेवली होती.

आडवे होते ते त्याचे वडील, आबा. शेवटी तेच म्हणाले, “दसऱ्याला माज्या देखत ते चालवून दाव. चाललं तर जा सांगलीला. न्हाई चाललं तर पुन्ना ईषय काढायचा न्हाई.” म्हणून शेवटचा टाका मारून झाल्यावर, चालू करून बघण्यातही वेळ न घालवता आम्ही ती पाटी एस.टी.तून मांडीवर घेऊन कुंडलला गेलो. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. घरातली सगळी हत्यारं धुऊन पुसून पूजेला मांडली होती, नांगराचा फाळ, कोयते, खुरपी, आबांची जुनी तलवार. त्याच्या आईने विचारलं, “ह्यातलं मुख्य काय रं?” मारुतीने मोठी चिप दाखवली. “ह्यो त्याचा मेंदू.” आणि आम्ही दोघं झेंडू तोडायला रानात गेलो. परत आलो तोवर पूजा झाली होती. पाटी फुलांनी पार झाकली होती. पूजा केलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा त्या घरचा रिवाज, त्यामुळे फुलांखाली काय आहे ते कुणी पाहिलं नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर भावकी जमली. आबा फेटा बांधून पुढ्यात बसले. मारुतीने फुलं बाजूला केली, बटण दाबलं. एकही दिवा लागला नाही. “आदी करंट बघ,” तो मला म्हणाला. त्याने हातात दिलेला मीटर मी लावला. करंट होता, ट्रान्सफॉर्मर गरम होता, फ्यूज शाबूत. मग वायरी हलवून बघितल्या, खटके बघितले. भावकीतलं कुणीतरी हसलं. शेवटी त्याने मोठी चिप खोबणीतून उचलली, आणि आम्हा दोघांनाच दिसलं. खाली तांबडा, दमट लगदा. आईने मेंदूला ओलं कुंकू भरपूर लावलं होतं, वरून फुलाने पाणी शिंपडलं होतं, ते सगळं चिपेच्या पायांत उतरून बसलं होतं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने माझं मनगट धरलं. आई दारात उभी होती, निरांजनाचं ताट घेऊन. तो आबांना म्हणाला, “माजाच टाका कच्चा ऱ्हायला.”

“बरं,” आबा म्हणाले. “ऊस तुटायला आलाय. उद्यापास्नं रानात ये.”

सकाळी त्याने स्पिरिटने सगळं पुसलं, उन्हात वाळवलं आणि गोठ्यात नेऊन चालू केलं. दिवे पळाले. असे पळाले, की मी त्याला मिठीच मारली. म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता आबांना दाखव. तो म्हणाला, “काल का चाललं न्हाई, ते इचारतील. आईला कळलं तर तिला ते जल्मभर खाईल रं.” मी त्याला नाही नाही ते बोललो. आपलं दुकान, आपली खोली, सगळं तू एका लगद्यापायी बुडवलंस म्हणालो. त्याने बटण बंद केलं आणि कोयता घेतला. मी एकट्याने सांगलीत दुकान काढलं. त्याच्यावरचा राग माझा कधी गेला नाही. आजही आहे, आणि कुणावर काढायचा ते कळत नाही.

तेराव्याला गेलो होतो. त्याच्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, ती पाटी आणि एक छोटी डबी आणून पुढ्यात ठेवली. म्हणाल्या, “भावजी, सासूबाई हुत्या तवर खंडेनवमीला हे त्यो मेंदू काडून त्यांच्या ताटात ठेवायचे. त्या कुकू लावायच्या. त्या गेल्यावर सवता लावायचे. आता म्या कसं लावू?”

मी डबी उघडली. चिपेच्या पाठीवर वर्षानुवर्षांचं कुंकू साठून खपली धरली होती. उलटी केली. पाय लखलखीत होते. दर वर्षी पुसून ठेवलेले... चालू करायला तयार.

मी ती चिप खोबणीत बसवली. वहिनींनी विचारलं, “दाबू बटण?”

मी म्हणालो, “थांबा वहिनी. आधी करंट बघू.” आणि मीटर घ्यायला हात शेजारी केला, तो हातात द्यायला कुणी नव्हतं.