गजराबाईंचा चाकू

सोमवारी सकाळी कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बैठक मांडून नुकता बसलो होतो... तोच एक बाई समोर येऊन टेकल्या. मी लोकांचे अर्ज लिहून देतो. वीस वर्षांत जमिनीचे, वारसाचे, भांडणाचे शेकडो अर्ज लिहिले, पण चाकूचा कधी लिहिला नव्हता.

बाईंचं नाव गजराबाई. देवळा गावाकडच्या, पन्नाशीच्या. मुलगा सखाराम देवळाली कॅम्पात, तोफखान्याची खेचरं हाकायच्या नोकरीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची तुकडी सरहद्दीकडे निघणार होती... परत कधी, ते कोणालाच माहीत नव्हतं.

त्याला द्यायला त्या त्याच्या वारलेल्या बापाचा चाकू घेऊन निघाल्या होत्या. शहराच्या तोंडाशी, आडगावच्या नाक्यावर पोलिसाने अडवलं. चाकू तिथल्याच एका दुकानदाराकडे ठेवून, विचारत विचारत त्या माझ्यापर्यंत आल्या.

“चाकू नेला तर गुन्हा हाय का, भाऊ?”

खरं तर याचं उत्तर सोपं नाही... सरकारच्या हत्यारांच्या कायद्यात बंदुकीला, तलवारीला परवाना लागतो, शेतकऱ्याच्या घरातल्या चाकूला नाही. पण सध्या यात्रेची गर्दी आहे, म्हणून कलेक्टरसाहेबांची वेगळी ऑर्डर निघाली आहे. यात्रा संपेपर्यंत शहराच्या हद्दीत चाकू, लाठी, भाला जवळ बाळगायचा नाही. आणि कॅम्पात लष्कराचे नियम, ते तिसरेच.

मी अर्ज लिहिला, स्वतः आत नेऊन दिला. कारकून म्हणाला, गुरुवारी या. गुरुवारी सखाराम कुठल्या कुठे पोचलेला असणार...

बाई रडल्या नाहीत. “ही शहराची हद्द कुठवर हाय?” एवढंच विचारलं.

मी काडीने मातीत रेघा ओढून दाखवलं. आडगावाकडून नदीच्या खालच्या अंगाला जायचं, दसक गावाजवळ पाणी उथळ आहे तिथून ओलांडायचं. शहराला न शिवता देवळाली गाठता येते, पण पाच कोस तरी चाल पडते. त्या पदर खोचून उठल्या. मला काय वाटलं कोण जाणे... दौतीला बूच लावलं आणि त्यांच्याबरोबर निघालो.

चाकू दुकानातून घेतला, फडक्यात बांधला. सखाराम गेल्याला अकरा महिने झाले, तरी हात अजून एक भाकरी जास्तच थापतो, असं त्यांनी वाटेत सांगितलं.

कॅम्पाच्या गेटवर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पहाऱ्यावरच्या शिपायाने फडकं सोडून पाहिलं आणि मान हलवली. चाकू मी आत नेणार नाही, म्हणाला, ज्याचा त्यालाच बोलवावं लागेल.

अर्ध्या तासाने सखाराम धावत आला. आईने त्याला जवळ वगैरे घेतलं नाही. त्याचं मनगट धरलं आणि मग सोडलंच नाही... दोघं कांद्याच्या रोपांविषयी, म्हशीविषयी बोलत राहिली. मी जरा लांब जाऊन उभा राहिलो.

शिट्टी झाली तेव्हा सखाराम हळूच म्हणाला, “आये, चाकू मला ठेवता येनार नाय. सामान तपासत्यात.”

माझंच मन खट्टू झालं. एवढं पाच कोस चालून... बाईंनी मात्र शांतपणे चाकू पुन्हा फडक्यात गुंडाळला. सखाराम दिसेनासा होईपर्यंत गेटकडे पाहत उभ्या राहिल्या.

परतताना मी म्हणालो, “वाईट वाटलं हो, बाई. चाकू काही देता आला नाही.”

“दोनदा भाकरी घेऊन आले होते, भाऊ,” त्या म्हणाल्या. “शिपाई लय चांगला. दोनी डाव भाकरी आत पोचवली, अन् मला म्हनला, जावा आता. चाकू त्याला आत नेता येत नाय ना... मग पोरालाच भाईर यावं लागलं.”

मी चालता चालता थांबलोच. वीस वर्षं मी नियम वाचतोय... कुठला नियम आपल्या लेकराला गेटबाहेर आणेल, असा विचार करून एकदाही वाचला नव्हता.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “तुमची लेकरं कुठं असत्यात?” मी सांगितलं, एकच मुलगी, इंदू, नागपूरला दिली. दर महिन्याला पत्र टाकतो, ‘सर्व खुशाल’ असं उत्तर येतं.

“अन् पाह्यली कधी?”

दोन वर्षं झाली... ते मला त्यांना सांगवलं नाही.

आज हे लिहितोय ते नागपूरच्या गाडीत बसून. गजराबाई, तुमचे उपकार आहेत. इंदूला मुद्दामच कळवलेलं नाही... कळवलं असतं तर तिने छानसं उत्तर लिहिलं असतं, आणि मी ते वाचून पुन्हा घरीच बसलो असतो.