शेजारच्या आजोबांची दुनळी

२००५ साली आई पहिल्यांदा आमच्याकडे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला राहायला आली. नागपूरजवळच्या दारूगोळा कारखान्यात, तपासणी विभागात तिने सगळी नोकरी केली होती. निवृत्त झाली तरी नजर तीच. माझ्या पोळीची कडसुद्धा ती उजेडात धरून बघायची.

शेजारी एक अमेरिकन आजोबा एकटेच राहत. आईच्या नोकरीबद्दल मी त्यांच्याशी सहज बोलले, तर त्यांनी लगेच आम्हाला चहाला बोलावलं. टेबलावर रजई अंथरून तिच्यावर एक दुनळी बंदूक ठेवलेली. त्यांच्या आजोबांची. ती बनवणारी कंपनी हीच बंदूक वेगवेगळ्या दर्जांत काढायची: साधी शेतावरच्या माणसांसाठी, भरपूर नक्षीची हौशी श्रीमंतांसाठी.

"ही सगळ्यात वरच्या दर्जाची," ते कौतुकाने म्हणाले. "लहानपणापासून ऐकत आलोय. तुझ्या आईला विचार ना."

पोलादावर खरंच देखणी नक्षी होती. गवत, उडणारे पक्षी आणि मान वळवून बघणारा एक कुत्रा.

आईने हात लावला नाही. "आधी रिकामी आहे का ते दाखवायला सांग."

त्यांनी बंदूक उघडून दाखवली, नळ्या सुट्या केल्या. आई पर्समधलं भिंग काढून वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. मग मला म्हणाली, "हे बघ. नळ्यांच्या खाली, झाकल्या जाणाऱ्या जागी दर्जाचा शिक्का आहे. साध्या बंदुकीचा. मुठीच्या लाकडावर पकडीसाठी कोरलेली जाळीपण जाडीभरडी आहे. नक्षी मात्र नंतर कोणीतरी कोरलीय."

"कशावरून?"

"कुत्र्याची शेपटी कंपनीच्या नावावरून गेलीय. कुठली कंपनी स्वतःचं नाव खोडून घेईल?"

आजोबा आमच्या तोंडांकडे आशेने बघत होते. मी हळूच म्हटलं, "आई, छान आहे एवढंच सांगते ना. म्हातारा माणूस, कशाला उगाच?"

"मी कधी खोटा शेरा दिलेला नाही," आई म्हणाली. "सांग. पण पुढचंही सांग. हात फार चांगला आहे. आणि हा कुत्रा कुठला तरी खराखुरा आहे. त्याचा एक कान फाटलेला आहे बघ."

मी सगळं सांगितलं. आजोबांचा चेहरा उतरला. त्यांनी भिंग मागून घेतलं. शिक्का बघितला, शेपटी बघितली, मग कानापाशी थांबले. ते उठले आणि भिंतीवरच्या फोनवरून बहिणीला फोन लावला.

"आजोबांच्या कुत्र्याचा कान कसा होता गं?" त्यांनी विचारलं. पलीकडून ती काहीतरी लांबलचक सांगत राहिली. ऐकता ऐकता ते खुर्चीत बसले आणि हसायला लागले. मधेच फोनवर हात ठेवून त्यांनी आम्हाला सांगितलं, कान रानडुकराने फाडला होता म्हणे. आणि त्यांचे आजोबा तरुणपणी एका सराफाकडे लॉकेटवर नावं कोरायचे, हे बहिणीला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

भावाबहिणीचं बोलणं काही संपेना. चहा गार झाला होता. आईला त्यांचं भरभर इंग्रजी कळत नव्हतं, पण ती उठली नाही. आजोबा हसले की तीही हसत होती.