जेवलीस काय गं?

फणसाच्या भाजलेल्या आठळ्यांचा वास आला की मला पावसाळ्यातली ती संध्याकाळ आठवते. कणगीतलं भात संपलं होतं आणि शेतातलं अजून हिरवंच होतं. दुपारी आईनं शितं धाकट्यांना वाढून मला पेजेवरची नुसती निवळ दिली होती. शेजारच्या अक्काकडं विस्तव आणायला पाठवताना तिनं माझं मनगट घट्ट धरलं, "तिनं इचारलं तर जेवण झालं म्हणायचं. कळलं न्हवं?" अक्काच्या चुलीत आठळ्या तडतडत होत्या. मूठभर माझ्यापुढं करत तिनं विचारलं, "जेवलीस काय गं?" तोंडात आलेलं पाणी गिळून मी म्हटलं, "व्हय, झालं." ती माझ्याकडं बघत राहिली, मग तिनं ती मूठ आपल्या पोरांपुढं रिकामी केली, आग्रह करण्याइतकं तिच्याकडंही नव्हतं. परवा रामनगरच्या दवाखान्यात डॉक्टर माझ्या काटकुळ्या अंगाकडं बघून म्हणाले, "तुमच्या रक्तात एवढी साखर कशी? लहानपणी उपाशी राहिलेल्यांना पुढं असं होऊ शकतं. तुम्हाला पोटभर मिळत होतं न्हवं?" आईला जाऊन कैक वर्षं झाली, पण मनगटावर तिची पकड जाणवली आणि मी म्हटलं, "व्हय, मिळत होतं की."