सहपत्र : लग्नाचा अल्बम

माझ्या मुलीच्या रिसेप्शनला मी होतो, माझी बायको होती आणि तीनशे पाहुणे होते. मुलगी आणि जावई तेवढे येऊ शकले नाहीत.

रुसवाफुगवा काही नव्हता. केतकी स्टुडंट व्हिसावर अमेरिकेत शिकायला गेली, तिथे तिला एरिक भेटला आणि दोघांनी तिकडच्या कोर्टात जाऊन वीस मिनिटांत लग्न केलं. (आमच्याकडे वीस मिनिटांत अक्षतासुद्धा वाटून होत नाहीत.) एरिक तिथला नागरिक, म्हणून केतकीने ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला. अट अशी, की अर्जाचा निकाल लागेपर्यंत किंवा प्रवासाचा वेगळा परवाना हातात येईपर्यंत तिने देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं की अर्ज बाद. मग नवरा तिकडे आणि बायको मुलुंडला.

"मेपर्यंत परवाना येईल बहुतेक," केतकी म्हणाली होती. मी त्यातलं 'मे' तेवढं घेतलं आणि 'बहुतेक' सोडून दिलं. मेमधला हॉल धरला, पत्रिका छापल्या, बोरिवलीपासून कणकवलीपर्यंत वाटल्या. परवाना काही आला नाही.

"रद्द करूया," मी म्हणालो.

"पत्रिका वाटून झाल्यात," शुभा म्हणाली. शुभा म्हणजे माझी बायको. "अक्का कणकवलीहून निघाल्यात. त्यांना काय सांगणार, परत जा म्हणून?"

अक्का माझी थोरली बहीण. तिला परत जा सांगण्यापेक्षा अमेरिकेला नियम बदला सांगणं सोपं. म्हणून रिसेप्शन ठरल्याप्रमाणे झालं. स्टेजवर वधूवरांचा लाल सोफा ठेवला, सोफ्यावर आमच्या घरातला टीव्ही ठेवला आणि टीव्हीत व्हिडिओ कॉलवर केतकी आणि एरिक. इकडे संध्याकाळचे सात, तिकडे सकाळ. केतकीने कुर्ता घातला होता. एरिक वाडग्यातून कॉर्नफ्लेक्स खात होता.

अक्का हातात हार घेऊन स्टेजवर चढली.

"भाऊ, व्हकल खंय आसा रे?"

"नवरी टीव्हीत."

"आणि न्हवरो?"

"तोही टीव्हीतच."

"मगे ह्यो हार खंय घालूचो?"

मी काही बोलायच्या आत तिने तो टीव्हीला घातला. माझ्या जुन्या ऑफिसातले एक साहेब नेमके त्याच वेळी आत आले. त्यांनी हार घातलेला टीव्ही पाहिला, त्यातले दोन चेहरे पाहिले, दाराशी चपला काढल्या आणि समोर येऊन डोळे मिटून उभे राहिले. मागच्या चार माणसांनी त्यांचं बघून तेच केलं. शुभाने धावत जाऊन हार काढला. नेटवर्कही तेव्हाच गेलं आणि चमचा तोंडाशी नेलेला एरिक पुढची पंचवीस मिनिटं तसाच राहिला. तेवढ्यात दीडशे लोकांनी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले.

फोटोग्राफर होते परुळेकर, भांडुपचे. माणूस हाडाचा कलावंत. आठवड्याने ते पडलेल्या चेहऱ्याने घरी आले.

"साहेब, तीस वर्षांत मी व्हकलेशिवाय अल्बम दिला नाही. माझं नाव खराब होईल. एक काम करा ना, दोघांचे चांगले फोटो पाठवा. बाकी मी बघतो."

मी फोटो पाठवले. परुळेकरांनी बाकी बघितलं. अल्बम आला. प्रत्येक पानावर केतकी आणि एरिक जातीने हजर होते! केतकी हिरव्या शालूत, नथ, मेंदी, सगळं. एरिक शेरवानीत. चेहरे त्यांचे, बाकीचं शरीर परुळेकरांच्या आधीच्या अल्बममधल्या गोरेगावच्या एका जोडप्याचं. एरिक मुळात सव्वासहा फूट आणि शेवग्याच्या शेंगेसारखा. अल्बममधला एरिक ठेंगणा होता, त्याला सुरेख गोल पोट होतं आणि त्याचे हात त्या पोटावर समाधानाने ठेवलेले होते.

"हा आपला एरिक वाटत नाही," शुभा म्हणाली.

"संसाराने माणूस भरतो," मी म्हणालो. मला अल्बम फार आवडला होता. रिसेप्शनच्या दिवशी टीव्हीशेजारी उभं राहून लोकांना नमस्कार करताना मला आतून रडू येत होतं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. अल्बममध्ये मुलगी माझ्या शेजारी उभी होती.

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. मग केतकीच्या मुलाखतीची तारीख आली. लग्न खरं आहे की नुसतं कार्डासाठी केलंय, हे तिथला अधिकारी दोघांना समोर बसवून तपासतो. तिचा फोन आला, "बाबा, वकीलबाई म्हणाल्या, दोन्ही घरांचे फोटो लागतील. आपले चारपाच साधे फोटो पाठवा. साधे हं."

आता, मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली. माझा अनुभव असा, की अर्ज कधी नामंजूर होत नसतो, सहपत्रं, म्हणजे सोबत जोडलेले कागद, कमी पडतात. साहेबाच्या टेबलावर जाडजूड काहीतरी आदळलं की साहेब मऊ होतो. चारपाच साध्या फोटोंनी कोण मऊ होणार? मी अल्बमच्या दोन प्रती करून घेतल्या होत्या. त्यातली एक लाल मखमलीच्या खोक्यात घालून, वर लाल फीत बांधून, थेट एरिकच्या नावाने कुरियर केली आणि त्याला फोन लावला.

"एरिक, सरप्राइज आहे. फीत सोडू नकोस. केतकीला सांगू नकोस. मुलाखतीच्या फाइलवर ठेव. ऑन टॉप. साहेब लोक वरचंच बघतात."

"ओके बाबा," एरिक म्हणाला. (माझ्या सख्ख्या मुलीने आजवर इतक्या सहज कधी ऐकलेलं नाही.)

मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी मी इतका खुशीत होतो, की समोरच्या वैद्यांशी असलेला अबोला मीच मोडला. पार्किंगवरून आमचं वाजलं होतं, त्यामुळे ते रिसेप्शनला आले नव्हते. अल्बम न बघितलेला आमच्या बिल्डिंगमध्ये तेवढा एकच माणूस उरला होता. मी त्यांना चहाला बोलावलं आणि दुसरी प्रत पुढ्यात ठेवली.

"अरे वा, म्हणजे केतकी मेमध्ये येऊन गेली?" वैद्य म्हणाले.

"हो ना, धावती भेट."

"जावई पण आले होते. छान आहेत. खात्यापित्या घरचे वाटतात."

"आहेतच."

वैद्यांनी एकेक पान निरखून पाहिलं, चहा संपवला आणि गेले. त्यांना कणभरही शंका आली नाही, याचं मला कोण कौतुक! शुभा मात्र कप तसाच हातात धरून उभी होती.

"अहो, वैद्यांना वाटलं केतकी इकडे येऊन गेली."

"वाटणारच. परुळेकरांचं काम आहे."

"मग तिकडच्या साहेबालाही तेच वाटेल ना?"

केतकीने देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज बाद होणार होता. आणि ती मेमध्ये मुलुंडला नथ घालून उभी असल्याचा एकशे वीस पानी पुरावा मी स्वतःच्या हाताने पाठवला होता, फाइलच्या वर ठेवायला सांगून. बरं, फोटो बनावट आहेत म्हणावं, तर खऱ्या लग्नाला बनावट पुरावा जोडल्याचं पाप पदरात. दोन्हीकडून पोरीची वाट लागली होती.

मी फोन लावला. केतकीचा बंद. एरिकचा बंद. घड्याळ पाहिलं, ते दोघं आत गेलेले असणार. मी पुन्हा पुन्हा लावत राहिलो.

"आता काय करायचं?" शुभाने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. चौतीस वर्षांत मी हे उत्तर शेकडो लोकांना दिलं होतं. ते ऐकायला कसं वाटतं, ते त्या दिवशी कळलं. मी देवासमोर जाऊन बसलो. नारळ कबूल केला, मग पाच केले. पोरीचा संसार मोडला तर तो मी मोडलेला असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दोन तासांनी केतकीचा फोन आला. पहिलं मिनिटभर ती नुसती "बाबा... बाबा..." करत होती. रडते की हसते, कळेना.

झालं होतं ते असं. समोर एक वयस्कर अधिकारी बाई होती. तिने पहिलं काय केलं, तर लाल फीत सोडली. दोन पानं पाहिली आणि केतकीला विचारलं, "अर्जात लिहिलंय, तुम्ही देशाबाहेर गेला नाहीत. मग या कोण?" केतकीने अल्बम जन्मात पहिल्यांदा बघितला होता. "या मी नाही," ती म्हणाली. "म्हणजे चेहरा माझा आहे." बाईने तिला बाहेर बसवलं आणि एरिकला एकट्याला समोर घेतलं.

"हा नवरा कोण?"

"बहुतेक मी," एरिक म्हणाला. मग त्याने बोट ठेवलं ते मागच्या टीव्हीवर. परुळेकरांनी सोफ्यावर जोडपं बसवलं होतं, पण सोफ्यावरचा टीव्ही उचलून त्यांच्या मागे ठेवून दिला होता. त्यात केतकी होती आणि तोंडाशी चमचा नेलेला खरा एरिक. "तो मी. मी त्या दिवशी घरी कॉर्नफ्लेक्स खात होतो."

बाईने चष्मा लावून बघितलं. मग एकेका माणसावर बोट ठेवून विचारायला सुरुवात केली, आणि एरिक सांगत सुटला. "ही अक्काआत्या. दर रविवारी फोन करून विचारते, काय जेवलास. काहीही सांगितलं तरी तिला कमीच वाटतं. हे पुण्याचे मामा. हे आइस्क्रीम खाऊन जेवण चांगलं नव्हतं म्हणाले. हे ऑफिसातले साहेब, यांना वाटलं आम्ही गेलो. आणि समोरचे वैद्यकाका कुठेच नाहीत. पार्किंगवरून बाबांचं त्यांच्याशी भांडण आहे. चूक बाबांची आहे, पण तसं बोलायचं नाही, अशी आईची सूचना आहे."

बाईने अल्बम मिटला. म्हणाली, "खोट्या नवऱ्याला कोणी इतकं सांगत नाही. आणि सांगितलं तर तो लक्षात ठेवत नाही." फोटो पुराव्यात धरले नाहीत, नवरा धरला. निघताना केतकीला म्हणाली, "वडिलांना सांगा, यापुढे मदत करू नका."

कार्ड आलं. डिसेंबरात दोघं खरोखर मुलुंडला आली. मी विमानतळावर एरिकला मिठी मारली, ती त्याच्या बरगड्यांना लागली. नारळ पाचही फोडले. दुसऱ्या दिवशी जिन्यात वैद्य भेटले. मी ऐटीत म्हणालो, "हे आमचे जावई."

वैद्यांनी एरिककडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. वरपर्यंत जायला त्यांना वेळ लागला. मग ते केतकीकडे वळून "सुखी राहा गं" म्हणाले आणि मला बाजूला घेऊन माझा हात हातात धरला.

"आजकाल होतं असं. आपण वाईट वाटून घ्यायचं नाही."

"कसलं?"

"पोरीचं सुख बघायचं. पण खरं सांगू? पहिले जावई जास्त घरंदाज वाटायचे."

तेव्हापासून वैद्यांचं सगळं घर माझ्याशी हळू आवाजात बोलतं. केतकीचं हे एकच लग्न आहे, हे अमेरिकेच्या सरकारने मान्य केलं आहे, पण वैद्य मानायला तयार नाहीत. मी त्यांना पुरावा काय आहे ते विचारलं. ते म्हणाले, "तुम्हीच तर अल्बम दाखवलात."