पटाखालची मोकळी जागा

दादा गेल्यानंतर मी पहिल्यांदाच त्याच्या घरी गेलो होतो. जेवणं झाल्यावर वहिनींनी त्याचा जुना, तळहातावर मावणारा संगणक माझ्यापुढे ठेवला. "भाऊजी, हा चालतो का बघा."

चार्ज केल्यावर त्याचा बुद्धिबळाचा खेळ उघडला. खेळ चौकोनी पडद्यासाठी बनवलेला आणि हा पडदा उभट. पट वरच्या भागात मावला होता, खाली नुसती काळी जागा उरली होती.

"बिघडलाय का?"

"नाही वहिनी. खेळाला खालची जागा माहीतच नाही."

मी सेटिंग बदलून पट पूर्ण पडद्यावर ताणला. घोडे, उंट लांबुडके, किडकिडीत झाले.

"नको. होता तसाच राहू दे."

मी तो पहिल्यासारखा केला. मघाशी वहिनींनी आमची ताटंही टेबलाच्या एकाच कडेला मांडली होती, दादाची बाजू मोकळी सोडून. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

डाव अर्धवट होता.

"आता चाल कोणाची?" त्यांनी विचारलं.

"दादाची."

वहिनी पटाकडे बघत राहिल्या. थोड्या वेळाने पडदा आपोआप विझला. आम्हा दोघांपैकी कोणीच बटण दाबलं नाही.