चौकातला बोर्ड आणि कबनूरचे कान

आमच्या कोल्हापुरातल्या पेठेत कुणाचं काही चांगलं झालं की ते आधी चौकात कळतं, मग घरात. पोरगी बँकेत लागली, बोर्ड. म्हशीनं शर्यतीत नंबर काढला, बोर्ड, आणि त्यावर मालकापेक्षा म्हशीचा फोटो मोठा. कुणी दुबईला जाऊन सुखरूप परत आलं तरी बोर्ड लागतो. मी या बोर्डांना लहानपणापासून हसत आले. एक दिवस आपणही तिथं टांगले जाऊ, असं कधी मनात आलं नव्हतं.

त्या सकाळी स्कूटरवरून विद्यापीठात निघाले आणि चौकातल्या कोथिंबीरवाल्या मावशींच्या टोपलीत चाक घालता घालता वाचले. समोर मीच होते, दोन विजेच्या खांबांच्या मधे, खऱ्यापेक्षा तिप्पट मोठी. फोटो मावसबहिणीच्या लग्नातला, नथ घातलेला. तिला कापून काढलं होतं, पण तिचा मेंदीचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला होता. माझ्या मागे एक भलामोठा मायक्रोस्कोप. त्याचा आणि माझ्या कामाचा आजवर काडीचा संबंध आलेला नाही. खाली गॉगल लावलेली तालमीची पोरं शुभेच्छुक म्हणून ओळीनं, आणि वर ठळक अक्षरांत, आरोग्य संशोधनातला राष्ट्रीय सन्मान मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

मावशी कोथिंबीर सावरत म्हणाल्या, "नथ शोभतीया तुला." मी त्यांना काय सांगणार? सन्मान मला मिळालेलाच नव्हता.

प्रकरण असं होतं. मी विद्यापीठात आरोग्यावर संशोधन करते, म्हणजे तेव्हा करायला धडपडत होते. पोटापाण्यासाठी तासिका तत्त्वावर शिकवायचं, तास झाला तर पैसे, सुट्टी पडली तर नाही. उरलेल्या वेळात कबनूर गाठायचं. कबनूर म्हणजे इचलकरंजीला चिकटलेलं गाव, गल्लोगल्ली यंत्रमाग. मागांच्या खटखटीत आयुष्य घातलेल्या माणसांना नेमकं किती ऐकू येतं, हा माझा विषय. कान तपासायचं यंत्रसुद्धा मागून आणलेलं, ते वर्षअखेरीला परत द्यायचं होतं. अशात दिल्लीच्या एका फेलोशिपसाठी अर्ज केला. तीन वर्षं पगार, प्रवासखर्च, स्वतःचं यंत्र, शिवाय चारचौघांत मान. ती मिळाली तर कबनूरचं काम तडीस जाणार होतं. नाही मिळाली तर यंत्र परत, काम बंद, आणि मी कायमची तासिकांवर. आणि आतापर्यंत मिळालं होतं ते फक्त मुलाखतीचं बोलावणं. ते मी घरी जेवताना सांगितलं, एवढाच काय तो माझा गुन्हा.

विद्यापीठात न जाता तशीच घरी परतले. आबा, म्हणजे माझे वडील, पुढच्या सोप्यात पेपर तोंडासमोर धरून बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते.

"आबा, बोर्ड तुम्ही लावलात?"

"मी कशाला लावतोय? तालमीच्या पोरांनी लावला. मी नुसता फोटू दिला."

"अहो, अजून मुलाखत व्हायचीय."

"दिल्लीला बोलवलंय न्हवं?"

"बोलावलंय. पण माझ्यासारख्या आणखीही पुष्कळांना बोलावलंय."

"त्यास्नी बोलवायलाच लागतंय की," आबा मला समजावत म्हणाले, "कागदाला बरं दिसतंय."

आबांचा जन्म एका साखर कारखान्याच्या ऑफिसात गेला. तिथं कुणाला घ्यायचं हे आधी कुणाच्या तरी सोप्यात ठरायचं, बोलावणं मागाहून निघायचं. "मुलाखत म्हंजे काय असतंय? नुसता च्या प्यायचा असतोय," हे त्यांचं अनुभवाचं वाक्य. त्यामुळं बोलावणं आलं म्हणजे पोरगी लागली, याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आई आतून भाकरी थापता थापता म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." पण बोर्डाचा फोटो तिनं सगळ्या नातेवाइकांना पाठवूनही टाकला होता.

बोर्ड काढा म्हटलं तर आबा घाबरेच झाले. लावलेला बोर्ड मधेच काढला तर लोक काय म्हणतील? काहीतरी भानगड झाली म्हणतील. ते खरंही होतं. बोर्ड राहिला.

पुढचे दिवस मी न मिळालेल्या मानाचे पेढे खात काढले. रिक्षावाले थांबून अभिनंदन करायचे. विभागातले एक सर रोज विचारायचे, "तुमचा बोर्ड बघायला मुलाखत घेणारे कोल्हापुरात कधी येणार?" मी हसायचे आणि तासाला पळायचे. हात पसरून मागण्याआधीच मिळालं म्हणून नाचणाऱ्या माणसाला देव हमखास रिकाम्या हातानं परत पाठवतो, असं मला उगाच वाटायला लागलं होतं. संशोधन करणाऱ्या बाईनं असं वाटून घेऊ नये, पण वाटत होतं.

मुलाखतीआधीची शेवटची तपासणी कबनूरला होती. तिथलं माझं सगळं काम चाचांच्या जिवावर चालायचं. चाचा म्हणजे मागावर म्हातारे झालेले एक कामगार, अख्खी गल्ली त्यांना चाचाच म्हणते. सुरुवातीला माझ्याकडं कुणी फिरकत नव्हतं. कान गेला असं निघालं तर मालक घरी बसवील, ही भीती. चाचांनी एकेकाला समजावून, प्रसंगी शिव्या देऊन आणून बसवलं होतं.

तपासणी सोपी असते. माग बंद असतील त्या दिवशी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसायचं. समोरच्याच्या कानांवर हेडफोन. मी पुठ्ठ्याच्या आडोशाला यंत्राचं बटण दाबते, कानात बारीक आवाज येतो. ऐकू आला की बोट वर करायचं. नाही आला तर काही करायचं नाही.

त्या दिवशी सगळ्यांना सगळं ऐकू आलं. ज्यांना दारातून चारदा हाका मारल्यावर मान वळवायची सवय, त्यांनी मुंगीच्या पावलाएवढ्या आवाजालाही बोट वर केलं. आधी वाटलं यंत्र बिघडलं. स्वतःच्या कानाला लावून बघितलं, ठणठणीत होतं. मग एक जण बसलेला असताना मी बटण न दाबता नुसतं कोपर हलवलं. बोट वर. पेन उचललं. बोट वर. शिंक आली म्हणून रुमाल काढला, तर दोन बोटं वर झाली, एक त्याचं आणि एक दारात उभ्या असलेल्याचं.

मागावरची माणसं कानाच्या भरवशावर राहतच नाहीत. शेडमध्ये शेजारच्याचं बोलणंही ऐकू जात नाही, म्हणून ती ओठ वाचतात, भुवया वाचतात, पार पलीकडच्या टोकाच्या माणसाच्या खांद्यावरून त्याला काय हवंय ते ओळखतात. माझ्या पुठ्ठ्याबाहेर आलेलं कोपर त्यांना पुरेसं होतं. पण याआधी त्यांनी हे कधी केलं नव्हतं. आजच का?

चाचांना बाजूला घेऊन विचारलं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला. मी, नथ, मायक्रोस्कोप.

"कोल्हापूरला गेलतो दवाखान्यात, तवा चौकात बघितला. एवढा मोठा मान मिळाला मॅडमस्नी," चाचा नेहमीच्या टिपेच्या आवाजात म्हणाले. "आता आमच्यामुळं तुमास्नी खाली बघाय लागू ने. म्हणून पोरांस्नी सांगितलं, आज कुणीबी नापास व्हायचं न्हाय."

मला आधी हसूच फुटलं. मग हातातल्या आकड्यांकडं बघितलं. मुलाखत पुढच्या आठवड्यात होती. हेच आकडे तिथं मांडायचे होते, आणि हे आकडे सांगत होते की कबनूरच्या मागांनी कुणाच्या कानाला धक्काही लागलेला नाही.

"चाचा, ही परीक्षा नाही," मी म्हटलं. "ऐकू येत नसेल तर येत नाही, तेच मला कळायला हवं."

"आसं व्हय," चाचा म्हणाले आणि बाहेर गेले. बाहेर थोडी कुजबुज झाली, म्हणजे त्यांच्या हिशेबानं कुजबुज, मला सगळी ऐकू आली. चहा-भजी झाली. आम्ही पुन्हा सुरुवात केली. आता कुणालाच काही ऐकू येईना. सगळे हात गुडघ्यावर ठेवून दगडासारखे बसून राहायचे. नुकताच मागावर लागलेला एक तरुण सगळ्यात मोठ्या आवाजालाही हलला नाही. त्याचे हेडफोन काढून मी पाठीमागून हळूच म्हटलं, "भजी उरलीत का रे?" तर त्यानं वळून ताट पुढं केलं.

मग मी सगळ्यांना खोलीत बोलावलं. त्यांच्यासमोर तोंड करून उभी राहिले आणि सांगून टाकलं. बोर्ड खोटा आहे. मला काही मिळालेलं नाही. आमच्या आबांनी घाई केली. मिळेल की नाही ठाऊक नाही. तुम्ही माझ्यासाठी पास होऊ नका, नापासही होऊ नका. जसा कान असेल तसा मला दाखवा.

मग मागून एकानं विचारलं, "म्हंजे बोर्ड लागल्यावर बी तुमास्नी मिळालं न्हाय?"

"आधी लागलाय. अजून मिळायचंय."

"आबांनी लावला?"

"आबांनी."

खोलीत एकदम हशा पिकला. असा एक आबा त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या घरी असणार. हसू ओसरल्यावर चाचा पुढं आले. "मी बसतो आधी," म्हणाले. त्यांनी स्वतःच खुर्ची उचलून भिंतीकडं तोंड करून ठेवली, हेडफोन चढवले आणि डोळे मिटून घेतले.

मी अगदी लहान आवाजापासून सुरुवात केली. बोट हललं नाही. वाढवला. आणखी वाढवला. बारीक, उंच आवाज आधी जातात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. वाढवत वाढवत मी शेवटपर्यंत गेले. आता तो आवाज हेडफोनमधून बाहेर झिरपत होता, टेबलाच्या अलीकडं मला स्पष्ट ऐकू येत होता, दारातल्या पोरांनाही येत होता. चाचांचा हात मांडीवर तसाच. थोड्या वेळानं डोळे न उघडता ते म्हणाले, "मॅडम, करा की सुरू."

दारातला भजीवाला तरुण खाली बघायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाचांची पाठ होती म्हणून ते लपवायची गरज पडली नाही. मी बटण सोडलं, आवाज थांबला, चाचा तसेच वाट बघत बसले होते.

त्यानंतर प्रत्येकानं येऊन स्वतःच खुर्ची भिंतीकडं वळवून घेतली. दिवस मावळेपर्यंत आम्ही बसलो. कुणी गंमत केली नाही.

दिल्लीत समितीनं विचारलं की एकाच दिवसाचे पहिले दोन्ही वेळचे आकडे का टाकून दिले? मी सगळं सांगितलं, आबांसकट. बोर्डाचं सांगताना जीभ जरा अडखळली, पण बोर्डाशिवाय ही गोष्ट पुढं जातच नाही. समितीतल्या एक बाई बराच वेळ हसत होत्या. मग त्यांनी चाचांविषयी विचारलं, आणि ते ऐकताना कुणी हसलं नाही. शेवटी चहा आला. कप हातात घेतला आणि मला आबा आठवले.

निकालाला बरेच आठवडे लागले. मधल्या काळात वाऱ्यानं बोर्डाचा एक कोपरा सुटला. आबांनी शेजारच्याची शिडी आणून तो स्वतः बांधला, इतरांना हात लावू दिला नाही. त्यांनी मला एकदाही निकालाचं विचारलं नाही, आणि चौकातून जायचं सोडून लांबच्या रस्त्यानं दूध आणायला लागले. तेव्हा कळलं की माझ्याइतकेच तेही घाबरलेत. मला त्यांची फार माया वाटली.

फेलोशिप मिळाली. मी सांगितलं तेव्हा आबा खुर्चीतून उठले नाहीत. "मग मी काय म्हणत हुतो?" एवढंच म्हणाले, पण त्या दिवशीचं दूध चौकातून आणलं.

कबनूरकरांनी सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फेटा, आणि कानांच्या संशोधनाचा सत्कार म्हणून माझ्या कानापाशी हलगी. आबा पहिल्या खुर्चीवर, कडक इस्त्रीत. त्यांच्या शेजारी चाचा, आणि पुढं ओळीनं मागावरची माणसं. मी बोलायला उभी राहिले तसा सूत्रसंचालकानं माईक माझ्या तोंडासमोर आणून धरला. मी समोर बघितलं. अख्खी पहिली रांग मान इकडं तिकडं करून माईकच्या पलीकडं माझे ओठ बघायचा प्रयत्न करत होती.

मी माईक खाली केला. त्यानं तो पुन्हा वर केला, मागं आवाज जात नाही म्हणाला. मी तो त्याच्या हातातून घेतला आणि टेबलावर ठेवला. मग पहिल्या रांगेकडं तोंड करून सावकाश विचारलं, "चाचा, ऐकू येतंय का?"

चाचांनी बोट वर केलं. मग त्यांच्या शेजारच्यानं, मग हळूहळू सगळ्या रांगेनं. आबांनीही केलं. तपासणीच्या नियमानं ती सगळी बोटं बाद होती. मी त्यातलं एकही बाद केलं नाही.